दीड दिवसाची शाळा, जन्मभराचे शिक्षण

साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे केवळ दीड दिवस शाळेत गेले, हे आम्ही वर्गात कित्येक वर्षे मोठ्या अभिमानाने सांगत आलो. एकदा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, की मग मुलांना दहा वर्षे शाळेत बसवायचे कशासाठी? आम्ही निरुत्तर झालो. अण्णाभाऊंचे अर्धेच चरित्र आपण सांगत होतो, हे तेव्हा ध्यानात आले. उरलेले अर्धे येथे मांडीत आहोत.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे, मातंग कुटुंबात झाला. इंग्रज सरकारच्या कायद्याने या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला आणि गावाने अस्पृश्यतेचा. गुरुजींच्या छडीने त्यांची शाळा दीड दिवसात संपवली. शिकणे मात्र संपले नाही. दांडपट्टा, पोवाडे, लावण्या हे सारे त्यांनी गावातच आत्मसात केले.

पुढे हे कुटुंब पायी चालत मुंबईस आले. कोळसे वेचणे, हमाली, गिरणीतील काम असे मिळेल ते काम अण्णाभाऊंनी केले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके हीच त्यांची अंकलिपी झाली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कामगारांच्या सहवासात त्यांना वाचनाची गोडी लागली. १९४३ च्या सुमारास त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला, तर १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले.

नात्यातल्या फडात शिकलेला तमाशाही त्यांनी जसाच्या तसा ठेवला नाही. गणातील गणपतीच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी यांना वंदन आले. हाताशी असलेली कला पुन्हा नव्याने शिकणे, ते हेच.

लौकिक मिळाल्यावरही त्यांच्यातील विद्यार्थी निवृत्त झाला नाही. मॅक्झिम गॉर्की त्यांनी आवडीने वाचला. लाल बावट्याखाली घडलेल्या या शाहिराने बाबासाहेबांकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही; १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये ते रशियास गेले आणि डोळसपणे पाहिलेल्या त्या देशाचे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांचे लेखन चालूच होते. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. अण्णाभाऊ मोठे झाले ते शाळा सुटल्यामुळे नव्हे, तर शाळेने दार लावूनही ते शिकत राहिले म्हणून. त्या काळी अशीच हाकलली गेलेली असंख्य मुले अण्णाभाऊ होऊ शकली नाहीत. त्यांची नावे कोणत्याच इतिहासात नाहीत. इतिहासाचे शिक्षक म्हणून ती उणीव आम्हांला सर्वाधिक बोचते. आपल्या निवासी शाळेचे दार त्या मुलांच्या वारसांसाठी उघडे आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे, की शाळेतील दहा वर्षांतला एकही दिवस वाया घालवू नका आणि अकराव्या वर्षी शिकणे संपले असेही समजू नका. आम्हा शिक्षकांनाही हे तितकेच लागू आहे. त्या दिवशी आम्हांला शिकवणारा आमच्याच वर्गात बसलेला होता.