आपल्या रोह्याचे चिंतामणराव

भगिनींनो, बचतगटाचे पासबुक आज आपल्या ओळखीचे झाले आहे. पण खेड्यातल्या माणसाला बँकेचे दार उघडावे म्हणून झटलेले एक थोर पुरुष आपल्याच मुलखातले होते. ते म्हणजे कै. चिंतामणराव देशमुख.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. घराणे रोह्याचे, वडील द्वारकानाथ वकिली करीत. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे विलायतेत शिकून १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला नंबर मिळविला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, तर १९५० साली देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्यानेच त्यांना लोकसभेवर पाठविले.

त्या सुमारास रिझर्व्ह बँकेने ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत कर्जाची पाहणी केली. १९५४ साली अहवाल निघाला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सुमारे सत्तर रुपये सावकाराचे व सहकारी संस्थांचे जेमतेम तीन, असे त्यात दिसले. मग चिंतामणराव अर्थमंत्री असतानाच १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे काम तिच्यावर सोपविले गेले.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाईही तोलामोलाच्या. १९५३ साली दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्यांच्या आंध्र महिला सभेने बायकांसाठी शिक्षणाबरोबर दवाखान्याचेही काम केले. पैसा आणि प्रकृती, संसाराची ही दोन्ही चाके जणू त्या एका घरात सांभाळली गेली.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असे पाहून चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले. पुढे विद्यापीठांची सेवा करून २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते हैदराबादेस निवर्तले.

हे सारे लिहिताना मला आईच्या पाटल्या आठवतात. वडिलांना विषमज्वर झाला, तेव्हा त्या गहाण पडल्या. वडील उठले, पाटल्या मात्र परत आल्या नाहीत. आजही शेळीसाठी घेतलेले कर्ज घरच्या दुखण्यात जाते; मग शेळी नाही, दूध नाही, हप्ता मात्र उभाच. गटाच्या शिक्षणात सही, व्याज नि हप्ता शिकवितात, तसे हेही शिकवावे की धंद्याचे पैसे आणि दुखण्याचे पैसे एका डब्यात ठेवू नयेत.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये वेगळे काढावे व ते केवळ आजारपणासाठी राखावे. वीसजणींचे वर्षाला २४०० रुपये होतील. मोठे ऑपरेशन त्यात होणार नाही, पण रात्री गाडी करून दवाखाना गाठता येईल आणि कोणाच्या पाटल्या उतरणार नाहीत. रोह्याच्या त्या सुपुत्राला आपण बायकांनी वाहिलेले हेच खरे फूल होय.