उशिरा उगवलेला गुलाबी चंद्र

१९९९ सालच्या शेवटी अमेरिकेत टीव्हीवर फोक्सवॅगनची एक जाहिरात लागायची. चार तरुण मुलं-मुली रात्री उघड्या टपाच्या गाडीतून पार्टीला निघालेली असतात. वर चांदणं, आणि सोबत फक्त एक गिटार आणि एक हळुवार आवाज. पार्टीच्या दारापर्यंत पोचल्यावर ती चौघं एकमेकांकडे बघतात आणि गाडी मागे वळवतात. बस्स! संवाद नाही, किंमत नाही, मायलेज नाही. पण बघणारे लोक गाडीपेक्षा गाण्याचीच चौकशी करायला लागले. ते गाणं होतं 'पिंक मून', त्याच नावाच्या १९७२ च्या अल्बममधलं. १९९९ मध्ये अमेरिकेत ह्या अल्बमच्या साधारण ६,००० प्रती खपल्या होत्या. २००० मध्ये हा आकडा सुमारे ७४,००० वर गेला. आणि गायक? त्याला जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

त्याचं नाव निक ड्रेक. मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या भिंतींवर पिंक फ्लॉइड आहे, मेटॅलिका आहे, पण निक ड्रेक मी अजून एकाही भिंतीवर पाहिलेला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच! त्याने जिवंतपणी तीन अल्बम केले आणि त्यातला एकही तेव्हा पाच हजारांच्या वर खपला नाही. असं का झालं? ठरलेलं उत्तर म्हणजे प्रमोशन कमी पडलं. मला हे उत्तर खरं वाटतं, पण अर्धंच.

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक चक्क इंजिनियर (म्हणजे आपल्यातलेच!), बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला. नावात आपली मुंबई असलेली ही कंपनी ब्रह्मदेशच्या सागवानासाठी प्रसिद्ध होती. आई मॉली घरी पियानोवर बसून स्वतः गाणी रचायची आणि रॉडनी ती टेपवर रेकॉर्ड करून ठेवायचे. ही गाणी बाहेरच्या जगाने ऐकली ती थेट एकविसाव्या शतकात. म्हणजे गाणं करायचं आणि घरातच ठेवायचं, ही निकची सवय आईकडूनच आली असावी. मोठी बहीण गॅब्रिएल मात्र पुढे अभिनेत्री झाली.

निक लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या खेड्यात राहू लागलं. निक मार्लबरोच्या शाळेत शिकला, पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवायला लागला, मग गिटारच्या नादी लागला. १९६७ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्याला ॲडमिशन घेतली. लेक्चरपेक्षा खोलीत बसून गिटार वाजवणं जास्त. (हे वाचून काही जणांना बरं वाटेल!)

लंडनच्या एका कार्यक्रमात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ह्या बँडच्या ॲशली हचिंग्जने त्याला ऐकलं आणि जो बॉइड ह्या तरुण अमेरिकन प्रोड्यूसरला त्याचं नाव सुचवलं. बॉइडने टेप ऐकली आणि करारच केला. विशीतला विद्यार्थी, एकदम आयलंड रेकॉर्ड्ससारखी कंपनी! आणि हा लाजाळू मुलगा स्टुडिओत मात्र ठाम होता. व्हायोलिन वगैरे वाद्यांची रचना करायला आणलेला व्यावसायिक माणूस त्याला पटला नाही, तेव्हा त्याने रॉबर्ट कर्बी ह्या आपल्याच केंब्रिजच्या मित्राचं नाव पुढे केलं. कर्बीला रेकॉर्डिंगचा शून्य अनुभव, पण निकचं म्हणणं खरं ठरलं. १९६९ मध्ये 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' बाहेर आला. हे नाव सिगारेटच्या कागदाच्या पाकिटातून घेतलेलं, कागद संपत आले की तिथे पाचच उरल्याची सूचना असायची. त्यातलं 'रिव्हर मॅन' पाच मात्रांमध्ये आहे. रॉकमध्ये चार मात्रांची इतकी सवय असते की आपण टाळी देत राहतो आणि टाळी चुकतच राहते.

पण इथूनच गडबड सुरू झाली. कव्हरवर गाण्यांचा क्रमच चुकीचा छापला गेला. निक केंब्रिज अर्धवट सोडून लंडनला आला, पण पुढे काय?

त्या काळात प्रमोशन म्हणजे तीनच रस्ते. रेडिओ, पेपर आणि गावोगावचे लाइव्ह कार्यक्रम. रेडिओवर जॉन पीलसारख्या एखाद्याने त्याला वाजवलं, बीबीसीसाठी त्याचं एक सेशनही झालं. पेपरसाठी त्याने आयुष्यात एकच मुलाखत दिली, १९७१ मध्ये, आणि त्यातही फारसं बोललाच नाही. राहिले कार्यक्रम. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्टच्या आधी तो गायला, तिथे शांतता होती, ते चांगलं झालं. पण पब आणि क्लबमध्ये लोक बोलत असतात, ग्लास वाजत असतात. त्यात निकची गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक गाण्याला गिटारचं ट्यूनिंग वेगळं. एक गाणं संपलं की खाली मान घालून तारा पिळत बसायचा. दुसरा कोणी असता तर तेवढ्यात चार विनोद केले असते. हा गप्प! मग लोकांची बडबड अजून वाढायची. जून १९७० मध्ये यूअल टेक्निकल कॉलेजमध्ये (हो, टेक्निकल कॉलेजच!) तो एक गाणं अर्ध्यावर सोडून स्टेजवरून निघून गेला. त्यानंतर त्याचे कार्यक्रम जवळपास बंदच झाले.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच कळेल. सोर्स कितीही दमदार असला तरी इम्पीडन्स मॅच झाला नाही तर लोडपर्यंत पॉवर पोचत नाही. निक आणि बाजार, दोघांमध्ये नेमकं हेच झालं. तेव्हाच्या सगळ्या व्यवस्थेत आपला माल विकायचं काम स्वतः कलाकारालाच करावं लागायचं. आणि तेवढंच एक निकला जमत नव्हतं.

दुसरा अल्बम 'ब्रायटर लेटर' मार्च १९७१ चा. ह्या वेळी ड्रम, बेस, ब्रास, सगळा थाट. जॉन केलसारखा माणूस त्यात वाजवून गेला. बॉइडला वाटलं, हा नक्की चालणार. तोही पडला. तोपर्यंत बॉइड आपली कंपनी आयलंडला विकून लॉस एंजेलिसला निघून गेला होता. निकची बाजू मांडणारा माणूसच लंडनमध्ये उरला नाही.

ऑक्टोबर १९७१ मध्ये निकने साउंड इंजिनियर जॉन वुडला गाठलं आणि दोन रात्रींत 'पिंक मून' रेकॉर्ड केला. एक गिटार, एक आवाज, एका गाण्यात थोडासा पियानो. आयलंडने त्याची जाहिरात दिली, पण तिच्यात आधीचे दोन्ही अल्बम खपले नव्हते हे मोकळेपणाने मान्यच केलेलं होतं! अर्थात हाही खपला नाही.

पुढची अडीच वर्षं वाचताना त्रास होतो. निक आईवडिलांकडे परत आला, नैराश्य वाढत गेलं, हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची नोकरी धरून पाहिली, ती काही दिवसच टिकली. २५ नोव्हेंबर १९७४ ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, औषधाच्या जादा डोसने तो गेला. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली, जवळच्या काहींना ती पटली नाही. अल्बम खपले असते तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. नैराश्य हा आजार आहे, तो विक्रीच्या आकड्यांनी बरा होत नाही. 'न विकला गेलेला म्हणून महान' असले फंडेही मला आवडत नाहीत. त्या घरातले आईवडील पुढे कित्येक वर्षं दारात आलेल्या अनोळखी चाहत्यांना आत बोलावत होते, एवढं आठवलं तरी पुरे.

मग ही गाणी १९९९ पर्यंत टिकली कशी? तर बॉइडने कंपनी विकताना एक अट घातली होती, निकचे अल्बम कॅटलॉगमधून कधीही काढून टाकायचे नाहीत. एवढंच! त्यामुळे ते थोडे थोडे का होईना, मिळत राहिले. एकाकडून दुसऱ्याकडे गेले, १९७९ मध्ये 'फ्रूट ट्री' हा बॉक्स सेट निघाला, पुढच्या पिढीतले संगीतकार त्याचं नाव घेऊ लागले, आणि जाहिरातवाल्यांना ते गाणं सापडलं. २००३ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत निकचे तिन्हीच्या तिन्ही अल्बम आले.

उरलेलं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. ज्याला स्वतःचा ढोल वाजवता येत नाही त्याला ढोल वाजवायला शिकवणं हा एक उपाय झाला. पण त्याच्यासाठी कोणीतरी दुसऱ्याने बोलणं, हाही एक उपाय आहे, आणि बॉइड लंडनमध्ये असेपर्यंत तो थोडाफार चाललाही होता. आपल्या प्रत्येक ब्रँचमध्ये असा एक जण असतोच. प्रोजेक्ट त्याचा चालतो, आणि सेमिनारला मात्र त्याची मान खाली. आपण काय करतो? ग्लास वाजवत बसतो!

असो. 'पिंक मून' फक्त २८ मिनिटांचा आहे, म्हणजे एका लेक्चरच्या निम्म्या वेळात संपतो. एकदा शांतपणे ऐकून बघा. आणि आवडला तर तुमच्या विंगमध्ये चार जणांना सांगा. ते काम निकला कधी जमलं नाही, आपल्याला जमण्यासारखं आहे.