रस्त्यासाठी एक साडी, शाळेसाठी दुसरी; आणि प्लेगच्या दवाखान्यात? सावित्रीबाई फुलेंची न सांगितली जाणारी बाजू

कुंडलजवळच्या किर्लोस्करवाडी स्टेशनवरून रेल्वेने मिरजेला जाता येतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ पासून तिथे वॉनलेस हॉस्पिटल आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि गल्लीबोळातल्या खासगी दवाखान्यांची तर मोजदादच नको. साहजिकच या पट्ट्यात हिरव्या-निळ्या स्क्रबमधली माणसं स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, किराणा दुकानात कुठेही दिसू शकतात. मग सोशल मीडियावर ठरलेला वाद सुरू होतो. एक म्हणतो, ऑपरेशन थिएटरचे कपडे घालून वडापाव खायला येताच कसे? दुसरा म्हणतो, बारा तास ड्युटी करून आलेल्या माणसाला कपड्यावरून बोलायला लाज वाटत नाही का?

या वादात मुळात दोन प्रश्न आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. बाहेरची घाण कपड्यावरून आत जाते का, हा पहिला. आतला रोग कपड्यावरून बाहेर येतो का, हा दुसरा.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका बाईच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न येऊन गेले. त्यांचं नाव सावित्रीबाई फुले. शाळेची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. दवाखान्याची गोष्ट मात्र बहुतेक वेळा शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते.

नायगावची मुलगी

खंडाळा तालुक्यातलं नायगाव. ३ जानेवारी १८३१ ला खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाई जन्मल्या. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेराचे. अक्षरओळख सासरी आल्यावर झाली, नवऱ्याने करून दिली. पुढे अहमदनगरच्या मिस फरार यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं. १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवायला जाऊ लागल्या.

आता साडीची गोष्ट. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल टाकायचे, खडे मारायचे. यावर त्यांनी काढलेला मार्ग अगदी साधा होता. रस्त्याने जाताना एक साडी नेसायची, शाळेत पोचल्यावर ती बदलून दुसरी नेसायची, आणि घरी परतताना पुन्हा पहिली अंगावर चढवायची. त्यांच्यासोबत कायम जास्तीची एक साडी असायची.

ही गोष्ट आपण धैर्याचं उदाहरण म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात एक व्यवहारही आहे. रस्त्यावर जे अंगावर पडलं ते वर्गातल्या मुलींपर्यंत न्यायचं नाही, हा तो व्यवहार. त्यांनी तो जंतूंचा विचार करून केला नव्हता. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा कुणी सिद्धच केलं नव्हतं. त्या काळात युरोपातले नावाजलेले सर्जनसुद्धा रोजच्या काळ्या कोटातच ऑपरेशन करायचे. कोटावर वाळलेलं रक्त जितकं जास्त तितका डॉक्टर अनुभवी, अशी समजूत होती. जोसेफ लिस्टरने जखमा आणि हत्यारं कार्बोलिक ॲसिडने धुवायला सांगितलं ते १८६७ मध्ये, भिडे वाड्यातल्या शाळेनंतर एकोणीस वर्षांनी. डॉक्टरांचा पांढरा कोट रूढ झाला तो त्याच्याही नंतर.

शाळेतून सूतिकागृहाकडे

१८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावला गेल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. भावाने त्यांची सेवा मनापासून केली, पण सोबत तुम्ही नवराबायको जातीबाहेरची कामं करता म्हणून सुनावलंही. सावित्रीबाईंनी त्याला उलट समजावलं आणि आईसमोर त्याला निरुत्तर केलं. त्याच पत्रात त्यांना एक काळजी लागलेली दिसते. आपण इथे पडून आहोत, तिकडे फातिमावर सगळ्या कामाचा भार पडला असेल. आजारपणाची रजा काढली तरी डोक्यात ड्युटीच, हे नर्सिंगमधल्या कुणालाही लगेच ओळखू येईल.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवा बाईला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा असत: जीव देणं किंवा बाळाला मारणं. अशा बाईने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर बाळ इथेच ठेवून जावं, अशी ही सोय होती. बाळंतपणं आणि बाळांची देखभाल सावित्रीबाई पाहायच्या. जोतीरावांनी पुढे नोंदवलं त्यानुसार तिथे ३५ विधवा बाळंत झाल्या.

सावित्रीबाईंचं आरोग्याचं काम खरं तर इथून सुरू होतं, प्लेगपासून नाही. तेव्हाची बाळंतपणं म्हणजे जिवाशी खेळ होता. बाळंतज्वराने बायका पटापट जायच्या. मुडदेघरातून थेट प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळे हा ताप पसरतो, असं व्हिएन्नातला इग्नाझ सेमेलवाइज १८४७ पासून ओरडून सांगत होता आणि बडे डॉक्टर त्याला वेड्यात काढत होते. सेवा करणाऱ्याच्या अंगावरून रोग जातो, ही गोष्ट पचायला डॉक्टरांनाच सगळ्यात जड गेली.

या गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केलं.

मधल्या काळात १८७६-७७ चा दुष्काळ आला. तेव्हा जुन्नर भागातून सावित्रीबाईंनी लिहिलेलं पत्रही आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. हा सत्यशोधक धागा पुढे सातारा जिल्ह्यात खोल रुजला. क्रांतिसिंह नाना पाटील त्याच परंपरेतून आले, आणि ज्या कुंडलला आपण प्रतिसरकारची राजधानी म्हणतो तिथल्या चळवळीची एक मुळी नायगावपर्यंत जाते.

१८९७: प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकासियो व्हिएगास यांनी तो ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली, लोकांचे कपडे आणि गाठोडी धुऱ्या-औषधांखालून जाऊ लागली. वॉल्टर रँडच्या गोऱ्या सैनिकांनी घराघरांत घुसून झडत्या घ्यायला सुरुवात केली ती मार्चच्या मध्यावर. पुढे २२ जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली, तो इतिहास शाळेत सगळे शिकतात.

सावित्रीबाईंची गोष्ट त्या झडत्यांच्या आधी संपते.

यशवंत तेव्हा लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर, यशवंतांच्या सासरच्यांच्या जागेत, प्लेगचा दवाखाना उघडला गेला. मोकळा माळ, गावापासून लांब. प्लेग आला की गाव सोडून माळावर राहुट्या टाकायच्या हे लोक अनुभवाने शिकत होते आणि त्यात तथ्य होतं, कारण घरातले उंदीर घरातच राहायचे.

सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्या स्वतः रोगी शोधायच्या आणि दवाखान्यात आणायच्या. सरकारी दवाखान्याच्या नावाने लोकांना धडकी भरायची, घरचे रोग्याला लपवायचे. सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये हा तपशील गाळला जातो, पण सगळ्यात अवघड काम हेच होतं. औषध असं तेव्हा नव्हतंच. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून पाहिलेली लस नुकती कुठे बाहेर येत होती. दवाखान्यात जे मिळायचं ते म्हणजे पाणी, पेज, स्वच्छता आणि शेजारी बसलेलं माणूस.

मुंढव्याच्या दलित वस्तीत पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन माळावरच्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

कपड्यातली पिसू

त्या दिवशी पृथ्वीवरच्या एकाही डॉक्टरला प्लेग नक्की पसरतो कसा हे माहीत नव्हतं. जंतू सापडला होता, १८९४ मध्ये हाँगकाँगला. पण तो माणसापर्यंत पोचतो कुठून? जमिनीतून, हवेतून की धान्यातून, यावर तर्क चालू होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हे काम करते. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसू नवं ऊबदार अंग शोधते. अंथरूण, गोणपाट, कपड्यांच्या घड्या या तिच्या दबून बसायच्या आणि प्रवास करायच्या जागा. सिमाँवर कुणी लगेच विश्वास ठेवला नाही.

म्हणजे प्लेगच्या रोग्याची सेवा करणाऱ्यासाठी कपडा हा खरोखर जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. रोग्याच्या घरात जाणं, त्याच्या अंथरुणाला हात लावणं, त्याला पाठीवर घेणं, यातल्या प्रत्येक पावलावर पिसू एका कपड्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. रोग फुप्फुसात उतरला असेल तर खोकल्यातून थेट श्वासात येतो. पाठीवर घेतलेल्या मुलाचं तोंड आपल्या मानेपाशी असतं. शाळेसाठी सोबत ठेवलेल्या जास्तीच्या साडीचा इथे उपयोग नव्हता.

गंमत म्हणजे सतराव्या शतकात युरोपातले काही डॉक्टर प्लेगच्या रोग्याकडे जाताना मेणाने माखलेला लांब झगा आणि चोचीचा मुखवटा घालायचे. चोचीत सुगंधी पाला असायचा, दूषित हवा गाळायला. चोच बिनकामाची होती, पण गुळगुळीत मेणाच्या झग्यावर पिसूला धरायला जागा कमी मिळत असणार.

मग स्क्रब बाहेर घालावेत की नाही?

आज चित्र बरंच वेगळं आहे. थिएटरचे कपडे थिएटरमध्येच राहावेत, याबद्दल डॉक्टरांमध्ये फारसा वाद नाही. तिथे प्रश्न बाहेरची धूळ उघड्या जखमेपर्यंत जाण्याचा आहे, म्हणजे सावित्रीबाईंच्या शाळेच्या साडीचाच. वॉर्डातले किंवा ओपीडीतले स्क्रब घालून बसमध्ये बसल्याने शेजाऱ्याला रोग होतो का, याचं उत्तर मात्र तितकं सोपं नाही. स्क्रबवर, कोटाच्या बाहीवर, खिशावर जंतू सापडतात हे तपासण्यांमध्ये अनेकदा दिसलंय. त्यातून बाहेरच्या माणसाला आजार झाल्याचा ठोस पुरावा मात्र तोकडा आहे. ब्रिटनने २००७ मध्ये कोपराखाली बाही, घड्याळ नको, साध्या लग्नाच्या अंगठीशिवाय दागिना नको असा नियम केला, त्यामागचं मुख्य कारण हात नीट धुता यावेत हे होतं.

मिरजेच्या वादात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कपडे बदलायला जागा आहे का? छोट्या दवाखान्यात नर्सना वेगळी खोली नसते, लॉकर नसतं, कपडे दवाखान्यात धुण्याची सोय नसते. मग स्क्रब घरी जातात, घरच्या बादलीत भिजतात आणि पोरांच्या शाळेच्या गणवेशाशेजारी दोरीवर वाळतात. स्टँडवरच्या नर्सचा फोटो काढून टाकणं सोपं आहे. तिच्या दवाखान्याला चेंजिंग रूम का नाही, हे विचारायला कष्ट पडतात. शिवाय सावित्रीबाईंना तरी शाळेत पोचल्यावर साडी बदलायला आडोसा मिळत होता.

कपड्यावरून माणूस ओळखू येतो आणि ओळखू आला की त्रासही होतो, हे २०२० मध्ये पुन्हा दिसलं. कोविडच्या पहिल्या महिन्यांत देशभरात नर्स-डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या, काहींवर हल्ले झाले. तेव्हा केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा केला, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. बदलला गेला तो कायदा होता १८९७ चा साथरोग कायदा. सावित्रीबाई गेल्या त्याच्या पाचच आठवडे आधी झालेला.

यशवंतांनी आईच्या मागेही काम सोडलं नाही. साथ जायची, परत यायची. १९०५ मध्ये रोग्यांची सेवा करतानाच त्यांनाही प्लेग झाला आणि ते गेले. सिमाँचं म्हणणं खरं की खोटं याचा निकाल लावणाऱ्या चाचण्या त्याच वर्षी मुंबईत परळला सुरू झाल्या होत्या. पिसूवर शिक्कामोर्तब झालं ते त्यानंतर.