उसन्या कार्डावर वाचून लेखक झालेला रिचर्ड राइट

वाचकहो, तुमच्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहीत असेल. याने पोट भरणार आहे काय, असे तुम्ही त्याला विचारले असेल. तुमचा प्रश्न चुकीचा नाही. ज्यांच्या घरात पहिली पिढी शाळेत गेली, त्यांना हा प्रश्न पडणारच. पण उत्तर देण्यापूर्वी रिचर्ड राइट या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखकाचे चरित्र एकदा ऐका. तो गोष्टी लिहायला शिकला, त्या विकायलाही शिकला आणि विकण्याची किंमत काय असते, हेही त्याने अनुभवले.

रिचर्डचा जन्म ४ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात, नॅचेझ गावाजवळच्या मळ्यावर झाला. त्याचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. बाप बटईने जमीन कसणारा. तो पुढे कुटुंब टाकून निघून गेला. आई काही काळ शाळेत शिकवीत असे, पण तिला अर्धांगाचा झटका आला आणि घराचा आधारच गेला. भूक ही या मुलाची रोजची सोबतीण झाली.

आजीच्या घरी आसरा मिळाला. आजी मोठी कर्मठ. कल्पित गोष्टी म्हणजे सैतानाचे काम, असे ती मानी. त्या घरात राहणारी एक तरुण शिक्षिका रिचर्डला लपून एक गोष्ट सांगत होती. गोष्ट रंगात आली आणि आजीने येऊन ती बंद पाडली. गोष्ट अर्धी राहिली, पण पुढे काय झाले असेल ही तळमळ मुलाच्या मनात कायमची राहिली. वाचकाच्या मनात हीच तळमळ जागी करणे म्हणजे कथालेखन, हे तो मोठेपणी समजला.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १९२४ च्या सुमारास, त्याची पहिली कथा जॅक्सन शहरातील कृष्णवर्णीयांच्या एका लहान वृत्तपत्रात छापून आली. मोबदला काही मिळाला नाही. घरच्यांना कौतुक तर नाहीच, उलट हा मुलगा बिघडला असे वाटले. १९२५ साली तो शाळेत पहिला आला. समारंभात वाचण्यासाठी मुख्याध्यापकांनी त्याला तयार भाषण दिले. ते त्याने नाकारले आणि स्वतः लिहिलेले भाषण वाचले. नववीनंतर त्याचे शिक्षण संपले.

पोटासाठी तो मेंफिस शहरात गेला. तेथील सार्वजनिक ग्रंथालयातून कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळत नसत. तळ्याचे पाणी काय आणि ग्रंथालयातील पुस्तक काय, ज्याला दूर ठेवायचे त्याला सगळीकडूनच दूर ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. रिचर्डने कामावरच्या एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड मागून घेतले. मग त्या गोऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली की, या पोऱ्याजवळ अमुक पुस्तके द्यावीत. संशय येऊ नये म्हणून चिठ्ठीत स्वतःसाठी त्याने गोऱ्यांच्या तोंडचा अपमानाचा शब्द घातला. विचार करा, वाचण्यासाठी स्वतःच्या हाताने स्वतःला शिवी लिहावी लागली! त्या चिठ्ठीवर एच. एल. मेंकेन या परखड टीकाकाराची पुस्तके मिळाली. शब्दांनी लढता येते, हे त्याला तेथे प्रथम उमगले. पुढे सिंक्लेअर लुईस आणि थिओडोर ड्रायझर यांच्या कादंबऱ्या वाचून साध्या माणसाचे जिणे कसे मांडावे, ते त्याने पाहिले.

१९२७ च्या अखेरीस तो शिकागोला गेला. बशा धुतल्या, हमाली केली, टपाल कचेरीत पत्रे वेगळी केली. रात्री लिहावे, फाडावे, पुन्हा लिहावे. आवडलेल्या लेखकाने वाक्य कसे बांधले, हे तो पुन्हा पुन्हा वाचून शोधी. गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेची भाषा अवघड म्हणून लोक नावे ठेवीत. रिचर्डने तिची कृष्णवर्णीय स्त्रीवरची कथा कत्तलखान्यातील जेमतेम शिकलेल्या मजुरांना मोठ्याने वाचून दाखवली. मजूर मांड्या थोपटून हसले. कानाला जे खरे वाटते, ते कष्टकऱ्यालाही कळते, ही परीक्षा त्याला मिळाली. १९३६ साली त्याने शिकागोत कृष्णवर्णीय लेखकांचे एक मंडळ उभारले. तेथे एकमेकांचे लेखन वाचून त्यातील उणिवा सांगत.

पहिली कादंबरी प्रकाशकांनी परत केली. ती त्याच्या मृत्यूनंतर १९६३ साली निघाली. तरी १९३७ साली टपाल खात्यातील कायम नोकरी चालून आली असता ती सोडून तो न्यूयॉर्कला गेला. सरकारी लेखन योजनेतील लेखकांसाठी एका मासिकाने स्पर्धा ठेवली होती. तीत त्याच्या कथांना ५०० डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले आणि १९३८ साली 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

स्तुती झाली, पण रिचर्ड अस्वस्थ झाला. सुखवस्तू घरातील मुली हे पुस्तक वाचून रडतील, डोळे पुसतील आणि मन हलके करून पुन्हा सुखात राहतील, असे त्याला वाटले. त्याने ठरवले की, पुढचे पुस्तक असे कठोर लिहायचे की रडून कोणाची सुटका होऊ नये. हा निश्चय विक्रीच्या हिशेबाच्या उलट होता.

ते पुस्तक म्हणजे 'नेटिव्ह सन'. शिकागोतील बिगर थॉमस हा गरीब तरुण भीतीपोटी खून करतो. रिचर्डने त्याला देव केले नाही. समाजाने त्याला कसे घडवले ते दाखवले. सुरुवात काही केल्या सुचेना, तेव्हा ती तशीच सोडून त्याने पुढचे प्रसंग लिहिले. मग एके रात्री एका खोलीत कोंडलेले कुटुंब आणि त्यात शिरलेला उंदीर हा प्रसंग सुचला. पहिल्या काही पानांतच वाचक त्या खोलीत कोंडला जातो.

१ मार्च १९४० रोजी कादंबरी निघाली. घरोघर पुस्तके पाठवणाऱ्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने ती निवडली. कृष्णवर्णीय लेखकाला हा मान प्रथमच मिळाला. तीन आठवड्यांत सुमारे २,१५,००० प्रती खपल्या. पण क्लबने काही भाग सौम्य करावयास सांगितले होते आणि रिचर्डने ते केले होते.

१९४५ साली 'ब्लॅक बॉय' या आत्मचरित्राचेही तसेच झाले. त्याने दक्षिण आणि उत्तर दोन्हीकडचे अनुभव लिहिले होते. क्लबला फक्त दक्षिणेचा भाग हवा होता. उत्तरेतही काळ्या माणसाला न्याय नाही, हे सांगणारा भाग वगळला गेला. पुस्तक लाखो घरांत पोचले. राहिलेला भाग मात्र पुस्तकरूपाने १९७७ साली आला, आणि दोन्ही पुस्तके मूळ रूपात १९९१ साली छापली गेली. तोवर लेखक हयात नव्हता.

त्याने योग्य केले की अयोग्य? वाचकहो, निवाडा घाईने करू नका. काहीच सोडले नसते, तर ते पुस्तक इतक्या घरांत गेले नसते. सोडले म्हणून उरलेले सत्य बत्तीस वर्षे बंद राहिले. पण एक लक्षात ठेवा : त्याने मूळ हस्तलिखित फाडून टाकले नाही. म्हणूनच पुढच्या पिढीला ते पूर्ण मिळाले.

पुढे तो पॅरिसला स्थायिक झाला. १९५५ च्या बांडुंग परिषदेला गेला आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. अखेरच्या आजारपणात त्याने जपानी हायकूच्या धर्तीवर सुमारे ४,००० चिमुकल्या कविता केल्या. २८ नोव्हेंबर १९६० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्यासारख्या लेखकांचा आवाज आपल्याकडेही पोचला. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष वेधले, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले.

तेव्हा तुमच्या घरातील ती वही फेकू नका. मुलाला सांगा, आधी भरपूर वाच. लिहिलेले मोठ्याने वाचून आम्हाला ऐकव. कंटाळा आला तर आम्ही सांगू. ते ऐकून पुन्हा लिही. छापणाऱ्याने काही गाळायला सांगितले, तर काय जाते आहे ते नीट बघ. आणि मूळ प्रत मात्र घरात जपून ठेव.