मागे उरणारे दान

रमजान हा दानाचा महिना. माणूस गेल्यावरही लोकांच्या उपयोगी पडत राहते, ते दान म्हणजे सदका-ए-जारिया. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे दान त्याच जातीचे. मँगनीजच्या खाणींतून त्यांनी संपत्ती मिळवली. १९३० मध्ये ते वारले, तेव्हा उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवून गेले. १९४२ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. मेदाम्ले ही तेलातली सेंद्रिय आम्ले. कॉस्टिक सोड्याशी त्यांचा संयोग झाला की साबण तयार होतो. हे तेलशास्त्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. दात्याने मात्र त्यातला एकही वर्ग पाहिला नाही.