अनाथांची माउली : पंडिता रमाबाई

सह्याद्रीच्या दक्षिण भागात गंगामूळ नावाचे एक दाट अरण्य आहे. त्या अरण्यातील एका आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री हे थोर विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. परंतु शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना स्वतः संस्कृत शिकविले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे आईने तीच विद्या लेकीला दिली. पहाटे पाखरांची किलबिल सुरू झाली की आई रमेला जवळ घेऊन जागे करी व श्लोक शिकवी. रमाबाईंची पहिली शाळा ती हीच.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत गावोगाव फिरे. अशातच मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडी विकली गेली. शेवटी रानातील पाला व फळे खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. रमाबाई सोळा वर्षांच्या झाल्या असतील-नसतील, तोच वडील गेले. मागोमाग आईही गेली. आईची तिरडी उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. त्या इतरांपेक्षा ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची एक बाजू डोक्यावर घेतली. कोवळ्या मनावर याहून मोठा घाव तो कोणता असणार?

थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. आता बंधू श्रीनिवासशास्त्री तेवढे उरले. दोघे भावंडे हजारो मैल पायी भटकली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यावयास पांघरूण नव्हते. तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या सर्व हालअपेष्टांत त्यांनी एक गोष्ट मात्र टाकली नाही; ती म्हणजे विद्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. काल जिला कोणी दारात उभे केले नव्हते, तिचा आज भरसभेत सन्मान झाला.

परंतु दैवाची परीक्षा संपली नव्हती. १८८० साली बंधूही निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. त्यांना मनोरमा नावाची कन्या झाली. संसाराला दोन वर्षेही पुरी झाली नाहीत, तोच १८८२ च्या प्रारंभी पटकीच्या साथीने बिपिनबाबूंचा बळी घेतला. तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीसह एकाकी पडल्या.

अशा वेळी मनुष्य दोन प्रकारे वागू शकतो. तो दुःखाला कवटाळून दार लावून बसतो, किंवा दार उघडून चांगल्या माणसांचा हात धरतो. रमाबाई पुण्यास आल्या. तेथे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सज्जनांनी त्यांना आधार दिला. रमाबाई रानडे त्यांच्या मैत्रीण झाल्या. दोघी मिळून इंग्रजीचे धडे गिरवू लागल्या. त्याच वर्षी पंडिताबाईंनी स्त्रियांच्या उन्नतीसाठी आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ साली त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना कानांनी कमी ऐकू येऊ लागले आणि तो बेत सोडावा लागला. त्या खचल्या नाहीत. आपल्या प्रकृतीस झेपेल असा दुसरा मार्ग त्यांनी शोधला. त्या अध्यापनशास्त्र शिकल्या आणि तेथील मुलींच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याविषयी त्यांच्या मनात अपार कृतज्ञता होती. तथापि धर्माच्या बाबतीत सर्व काही मुकाट्याने मान्य करावे, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. खऱ्या स्नेहात आदर असतो, दास्य नसते, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखविले.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे हिंदुस्थानातील बालविधवांची स्थिती सांगून त्यांनी मदत मिळविली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बालपणीच वैधव्य आलेल्या या मुलीला सदनात विद्या मिळाली आणि तिचा मान तिला परत मिळाला. याच गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास गेले. १८९३ साली तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते असा वाद उठला व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरीही रमाबाईंनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. ती ऐकताच रमाबाईंना आपले उपाशी दिवस आठवले. त्या आठवणीने त्या हतबल झाल्या नाहीत. त्या थेट दुष्काळी मुलखात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे आणले. तेथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. पोटाला अन्न, अंगाला स्वच्छ वस्त्र, विसाव्याला जागा, हे पहिले औषध. मग अक्षरओळख, शेती, विणकाम, छापखान्यातील काम, हे दुसरे औषध. आणि जुन्या मुलींनी नव्या मुलींना मायेने सांभाळावे, हे सर्वांत गुणकारी औषध. जिला कालपर्यंत कोणी नव्हते, तिला येथे बहीण मिळे. आणि तीच उद्या दुसऱ्या कोणाची बहीण होई. अंध मुलींनाही येथे बोटांनी वाचावयास शिकविले गेले.

उतारवयात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. या आघातानंतरही त्यांनी ग्रंथाचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. त्यांनी लावलेला हा आधारवृक्ष आजही तेथे उभा आहे.

मुलांनो, शरीराला जखम झाली तर आपण ती धुतो, तिला मलमपट्टी करतो. मनाच्या जखमेलाही अशीच शुश्रूषा लागते. वेळेवर अन्न, पुरेशी विश्रांती, आवडीचे काम आणि ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असे विश्वासाचे माणूस, हीच तिची मलमपट्टी. रमाबाईंना आपले दुःख विसरता आले नाही. पण त्या दुःखाच्या ठिकाणी त्यांनी इतरांसाठी घर बांधले. आपल्या वर्गात एखादा सोबती गप्पगप्प बसलेला दिसला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे. आणि आपलेच मन जड झाले असेल, तर ते आईवडिलांना, गुरुजींना किंवा बाईंना सांगण्यास संकोच करू नये.