विश्लेषण : सरबताच्या ग्लासातला गाळ आणि मल्हारराव गायकवाडांची गादी

दरेकसा परिसरात एखादा संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस पंचनामा करतात, व्हिसेरा सीलबंद होतो आणि नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होतो. मग तपास अधिकारी आणि मृताचे नातेवाईक, दोघेही एकाच कागदाची वाट पाहतात. तो म्हणजे सीए रिपोर्ट.

सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर, मराठीत रासायनिक विश्लेषक. हे पद ब्रिटिश काळापासूनचे आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई सरकारच्या याच पदावरील डॉक्टरच्या अहवालामुळे एका मराठी राजाची गादी पणाला लागली होती. ते राजे म्हणजे बडोद्याचे मल्हारराव गायकवाड.

मल्हारराव कोण होते?

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. ते दुसऱ्या सयाजीरावांचे पुत्र. थोरले बंधू गणपतराव आणि नंतर खंडेराव गादीवर असल्याने त्यांच्या वाट्याला राज्य येईल अशी चिन्हे फारशी नव्हती. १८६३ मध्ये खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि पाद्रा येथे त्यांना कैदेत ठेवण्यात आले.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी एकदम महाराज झाला. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांना पायउतार व्हावे लागले असते. १८७१ मध्ये मुलगी झाली आणि गादी पक्की झाली.

कारभार मात्र वाईट होता, हे त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही नाकारता येत नाही. खंडेरावांच्या मर्जीतल्या माणसांवर सूड, रयतेवर वाढता सारा, सावकारांची लूट अशा तक्रारींचा ढीग साचला. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या केल्या! मार्च १८७३ मध्ये आलेले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी या तक्रारी लावून धरल्या. चौकशी आयोग नेमला गेला आणि कारभार सुधारण्यासाठी महाराजांना १८७५ अखेरपर्यंतची मुदत मिळाली. दादाभाई नौरोजी याच काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचेही फेअर यांच्याशी पटले नाही.

२ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खलिता पाठवून फेअर यांना हटवण्याची मागणी केली. ही तारीख पुढे महत्त्वाची ठरते.

९ नोव्हेंबरला काय घडले?

फेअर रोज सकाळी फिरून आले की पपनसाचे सरबत घेत. त्या दिवशी दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना मळमळू लागले. फळच खराब असावे असे वाटून त्यांनी उरलेले सरबत व्हरांड्यात ओतून टाकले. ग्लास ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला, तेव्हा कुठे त्यांना शंका आली.

म्हणजे सर्वांत मोठा नमुना खुद्द फिर्यादीनेच फेकून दिला होता. तपासाच्या दृष्टीने ही पहिली चूक, पण तिला दोष देणे कठीण आहे. कडवट सरबत कोण जपून ठेवतो?

रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी गाळाचा काही भाग तिथेच तपासला आणि त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असल्याचे सांगितले. उरलेला भाग मुंबईला गेला. तिथे केमिकल अॅनालायझरचे काम पाहणारे डॉ. ग्रे यांनाही सोमल सापडला. शिवाय काही चकाकणारे कण होते. ते हिऱ्याच्या पुडीचे असावेत, असा निष्कर्ष निघाला.

हिरकणी खाल्ली की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे जुनी. रसायनशास्त्र तसे म्हणत नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, पोटातल्या आम्लात तो विरघळत नाही. जीव घेणार होता तो सोमल. त्याला फारशी चव नसते, वास नसतो, आणि उलट्या-जुलाबाची लक्षणे पटकीसारखी दिसतात. म्हणूनच तो विष देणाऱ्यांचा लाडका होता. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाची चाचणी प्रसिद्ध झाल्यापासून मात्र अगदी थोडा सोमलही पकडता येऊ लागला होता.

थोडक्यात, ग्लासात काय होते हा प्रश्न सुटला. कोणी टाकले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे कोणतीही परीक्षानळी सांगू शकत नव्हती.

पट्ट्यातली पुडी

तपासासाठी मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन बडोद्यात आले. डिसेंबरच्या अखेरीस रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. सरबतात पूड आपण टाकली आणि महाराजांनी ती टाकायला सांगितली, असे त्याचे म्हणणे. उरलेली पुडी आपल्या पट्ट्यात असेल, असेही त्याला आठवले.

पट्टा आता भुदर नावाच्या दुसऱ्या शिपायाच्या अंगावर होता. २५ डिसेंबरला तो मागवला गेला. सूटर यांचे सहकारी अकबर अली यांनी पट्टा चाचपला, बोटाला कागद लागला, मग साहेबांना बोलावून पुडी बाहेर काढण्यात आली. आत सोमल होता.

खरी गोम इथेच आहे. घटनेला ४६ दिवस झाले होते. मधल्या काळात पट्ट्याचा धनी बदलला होता. पुडी हाताला लागली त्या क्षणी पट्टा एका पोलिसाच्याच हातात होता. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलला बाटलीवर लेबल नसेल तर आमचे सर रीडिंगच ग्राह्य धरत नसत. इथे तर राज्य पणाला लागले होते.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. त्यानंतर त्यांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनीही माफीच्या बोलीवर सोमल आणि हिऱ्याची पूड पुरवल्याची कबुली दिली.

खटल्यात काय झाले?

२३ फेब्रुवारीला सहा जणांच्या आयोगापुढे सुनावणी सुरू झाली. सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्विल हे तीन इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन भारतीय. मल्हाररावांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आणले.

बॅलंटाइन यांनी प्रयोगशाळेच्या अहवालावर फारसा वेळ घालवला नाही. त्यांनी हल्ला केला तो पुरावा गोळा करण्याच्या पद्धतीवर. पुडी अकबर अली यांनीच ठेवली असावी, असे त्यांनी सुचवले. माफीचे साक्षीदार स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलत आहेत, हा दुसरा मुद्दा. आणि तिसरा साधा प्रश्न : आठवडाभरापूर्वी रेसिडेंटला हटवण्याची रीतसर मागणी करणारा राजा त्याला विष कशाला घालेल?

आयोग ३ विरुद्ध ३ असा दुभंगला. इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध मानला, भारतीय सदस्यांनी मानला नाही.

मला स्वतःला रावजीने काहीतरी टाकले हे पटते, कारण गाळातला सोमल दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना सापडला. महाराजांपर्यंत जाणारा धागा मात्र निव्वळ माफीच्या साक्षीदारांच्या तोंडावर उभा होता, आणि त्याला टेकू देणारी एकमेव वस्तू म्हणजे ती पुडी.

आज काय बदलले?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. हे पूर्णपणे लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचेही चित्रीकरण करायचे असते. भुदरचा पट्टा आज चाचपला गेला असता तर आधी मोबाइलचा कॅमेरा सुरू करावा लागला असता. दरेकस्यासारख्या, छत्तीसगडच्या सीमेवरच्या जंगलपट्ट्यात तज्ज्ञ किती वेळात पोहोचतो, हा प्रश्न वेगळा. तोवर जागा राखण्याचे काम पहिल्यांदा पोहोचलेल्या शिपायावरच येते.

मल्हाररावांचे पुढे काय झाले?

निकाल समसमान लागूनही गादी वाचली नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले. कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, गैरकारभाराचे. ज्या सुधारणांसाठी वर्षअखेरपर्यंतची मुदत होती, ती संपायला आठ महिने बाकी होते.

त्यांना मद्रासला नेण्यात आले. २७ मे रोजी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव या १२ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढचे महाराजा सयाजीराव तिसरे. मल्हारराव बडोद्याला परतले नाहीत. १८८२ मध्ये मद्रासमध्येच त्यांचे निधन झाले.